रिपोर्टमध्ये सहा आठवडे, पण गर्भ तीस दिवसांचाच: मग आत आतापर्यंत काय काय झालं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ६ आठवडे २ दिवस लिहून आलंय, पण तुमच्या हिशेबाने गर्भ राहून जेमतेम महिना झालाय. हे जादाचे दोन आठवडे आले कुठून, असं तुमचा नवरा विचारतोय. पाळी चुकायच्या चार दिवस आधी तुम्ही दातदुखीसाठी गोळ्या घेतल्या होत्या, त्यांची आता धास्ती वाटतेय. आणि पहिल्या दिवसापासून आत नेमकं काय घडतं, हे कुणी नीट बसून सांगितलेलं नाही.

आधी त्या दोन आठवड्यांचा घोळ मिटवू. पंचवीस वर्षं सोनोग्राफीच्या पडद्यासमोर बसते आहे. याच दोन आठवड्यांवरून घरात अबोला झालेली जोडपी मी पाहिली आहेत. आम्ही डॉक्टर गर्भाचं वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतो. त्या दिवशी गर्भ नसतो, त्या महिन्याचं बीजसुद्धा बीजकोशातून सुटलेलं नसतं. अठ्ठावीस दिवसांचं चक्र असेल तर ते साधारण चौदाव्या दिवशी सुटतं. पण बीज सुटल्याचा दिवस कुणाला दिसत नाही, पाळी आल्याचा दिवस मात्र लक्षात राहतो, म्हणून ही सोय. नऊ महिन्यांचे जे २८० दिवस आपण धरतो, त्यातले गर्भाचे स्वतःचे २६६च. म्हणजे रिपोर्टही बरोबर आणि तुमचा हिशेबही बरोबर: तुमचा गर्भ आज सुमारे ३० दिवसांचा आहे. सुरुवातीच्या दोन महिन्यांबद्दल बोलताना मी दिवस फलनापासून मोजणार आहे. रिपोर्टशी ताडून पाहायचं असेल तर त्यात चौदा मिळवा.

आणखी एक गोष्ट नवऱ्याला सांगा. एकत्र आलो ती तारीख म्हणजे गर्भ राहिल्याची तारीख, असंही नसतं. शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. बीज मात्र सुटल्यापासून बारा ते चोवीस तासच फलनक्षम असतं. त्यामुळे बहुतेक वेळा शुक्राणू आधी येऊन थांबलेले असतात. शर्यतीत पहिला आला तो जिंकला, हे चित्र चुकीचंच आहे. नुकताच आलेला शुक्राणू बीजात शिरूच शकत नाही. स्त्रीच्या जननमार्गात काही तास काढल्यावर त्याच्या डोक्यावरचं आवरण बदलतं आणि मग त्याला ती क्षमता येते. वीस-तीस कोटींपैकी बीजवाहिनीच्या रुंद भागापर्यंत पोहोचतात ते काहीशेच.

बीजाची गोष्ट तर त्याहून जुनी. या वेळी जे बीज फळलं, ते तुम्ही तुमच्या आईच्या पोटात असतानाच तयार झालं होतं. वीस आठवड्यांच्या मुलीच्या गर्भात अशी साठ-सत्तर लाख बीजं असतात, जन्माच्या वेळी दहा-वीस लाख उरतात, वयात येताना तीन-चार लाख, आणि सगळ्या आयुष्यात सुटतात ती चारशे-पाचशे. प्रत्येक बीज गुणसूत्रं निम्मी करण्याचं विभाजन जन्माआधी सुरू करतं आणि अर्ध्यावर थांबतं. पहिला टप्पा सुटण्याच्या थोडं आधी पुरा होतो. दुसरा टप्पा पुरा होतो तो शुक्राणू आत शिरला तरच. वीस, तीस, चाळीस वर्षं अर्ध्यावर थांबलेलं काम पुन्हा सुरू होताना कधी चूक होते, एखादं गुणसूत्र जास्तीचं जातं किंवा कमी पडतं. वय वाढतं तशी ही शक्यता वाढते. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी साधारण निम्म्यांच्या मुळाशी गुणसूत्रांची अशी गडबड असते. जिना चढल्याने, प्रवास केल्याने किंवा रागावल्याने ते झालेलं नसतं.

एक शुक्राणू आत शिरला की बीजात कॅल्शियमची लाट उठते, काठाशी असलेले सूक्ष्म कण फुटतात आणि बाहेरचं कवच इतरांसाठी बंद होतं. २३ अधिक २३ गुणसूत्रांची एक पेशी. सुमारे तीस तासांनी तिच्या दोन होतात. तिसऱ्या दिवशी बारा-सोळा पेशींचा तुतीच्या फळासारखा पुंजका होतो. गंमत अशी की या दिवसांत गर्भ वाढत नाही, फक्त वाटला जातो. सगळ्या पेशी मिळून मूळ बीजाएवढ्याच, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या, कारण कवच अजून तसंच असतं. पहिले दोन दिवस तर कारभार आईने बीजात भरून ठेवलेल्या शिध्यावरच चालतो. गर्भाची स्वतःची जनुकं चार ते आठ पेशींच्या टप्प्यावर कामाला लागतात. चौथ्या दिवसाच्या सुमारास पुंजका गर्भाशयात उतरतो. पाचव्या दिवशी त्याच्या आत पाणी साठतं आणि पहिली विभागणी दिसते: बाहेरच्या पेशींची वार होणार, आतल्या मूठभर पेशींचं बाळ.

हे इतक्या खात्रीने सांगता येतं, कारण आयव्हीएफमध्ये, म्हणजे शरीराबाहेर प्रयोगशाळेत फलन करताना, ते डोळ्यांसमोर घडतं. २५ जुलै १९७८ला त्या पद्धतीने पहिलं मूल जन्मलं. त्याआधी हर्टिग आणि रॉक या दोघा अमेरिकी डॉक्टरांनी, शस्त्रक्रियेत काढलेल्या गर्भाशयांमध्ये शोधून, अगदी सुरुवातीचे मोजके ३४ गर्भ जमवले होते. दुसऱ्या आठवड्याबद्दलचं आमचं कितीतरी ज्ञान अजून त्या गर्भांच्या काचपट्ट्यांवर उभं आहे.

सहाव्या-सातव्या दिवशी कवच सोडून गर्भ अस्तराला चिकटतो आणि बाराव्या दिवसापर्यंत त्यात पुरता बुडतो. रुजला की बाहेरच्या पेशी एचसीजी नावाचं संप्रेरक सोडतात. बीज सुटून गेल्यावर बीजकोशात जी पिवळी गाठ उरते, तिला ते सांगतं की प्रोजेस्टेरॉन चालू ठेव, पाळी येऊ देऊ नकोस. घरच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटते ती याचीच.

आता तुमच्या गोळ्या. पाळी चुकायच्या चार दिवस आधी म्हणजे गर्भाचा दहावा दिवस. तेव्हा त्याला ना हृदय होतं, ना मेंदू, ना आईच्या रक्ताशी धड जोडणी. या टप्प्यातल्या पेशींची कामं अजून कायमची वाटलेली नसतात. काही गेल्या तर उरलेल्या त्यांची जागा भरतात, आणि फारच गेल्या तर गर्भ टिकत नाही. एखाद्या अवयवात व्यंग राहून बाकी सगळं ठीक, असं या दिवसांत सहसा होत नाही. तुमचा गर्भ टिकलाय, पडद्यावर दिसलाय. तरीही गोळ्यांचं पाकीट तुमच्या डॉक्टरांना दाखवाच. काही मोजकी औषधं शरीरात आठवडेच्या आठवडे रेंगाळतात. त्यांना हा दिवसांचा हिशेब लागू पडत नाही. दातदुखीची साधी गोळी त्यात मोडत नाही, पण नाव मी पाहिलेलं नाही, ते पाहतील.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी बाळ म्हणजे दोन थरांची एक गोल चकती. वर गर्भजलाची पिशवी, खाली योक सॅक, म्हणजे बलकाची पिशवी. पुढचा आठवडा मात्र मला सगळ्यात आवडतो. मी शिकवत असे तेव्हा विद्यार्थी नेमके इथेच जांभया द्यायचे.

पंधराव्या दिवसाच्या आसपास चकतीच्या एका टोकाकडून मधोमध एक बारीक चर उमटते. वरच्या थरातल्या पेशी या चरीकडे सरकतात, तिच्यातून खाली बुडी मारतात आणि मध्ये पसरतात. दोनाचे तीन थर होतात. वरच्याची त्वचा आणि मज्जासंस्था होणार. मधल्याचे हाडं, स्नायू, हृदय, रक्त आणि मूत्रपिंडं. खालच्याचं आतड्याचं आणि फुफ्फुसाचं अस्तर, यकृत, स्वादुपिंड. चर उमटली की डोकं कुठे, शेपूट कुठे, पाठ कुठली आणि पोट कुठलं हे ठरतं. एकच गर्भ दुभंगून जुळं व्हायचं असेल तर तेही याच्या आधीच. पहिल्या तीन दिवसांत दुभंगला तर दोघांची वार वेगळी, चार ते आठ दिवसांत तर वार एक पण पिशव्या दोन, त्यानंतर तर पिशवीही एकच, आणि तेराव्या दिवसानंतर दुभंगू पाहिला तर शरीरं जोडलेली राहतात. जुळं आहे म्हटल्यावर आम्ही आधी वार मोजतो ती यासाठी. प्रयोगशाळेत मानवी गर्भ चौदा दिवसांपुढे वाढवायचा नाही, ही मर्यादा ब्रिटनच्या वॉर्नॉक समितीने १९८४मध्ये सुचवली, त्यामागेही हीच चर.

डावं-उजवं कसं ठरतं हे तर ऐकण्यासारखं आहे. चरीच्या पुढच्या टोकाला एक बारीक खळगा असतो आणि त्यातल्या पेशींवर अतिसूक्ष्म केस. हे केस एकाच दिशेने गरगर फिरतात, त्यामुळे खळग्यातलं पाणी डावीकडे वाहायला लागतं, आणि त्या ओघाने डाव्या बाजूची जनुकं जागी होतात. हृदयाचं टोक डावीकडे, यकृत उजवीकडे, हे सगळं त्या ओघामुळे. ज्यांच्या शरीरातले असे केस जन्मतःच हलत नाहीत, त्यांच्यात सुमारे निम्म्यांचे अवयव आरशातल्यासारखे उलटे असतात. ओघच नसला की काम नाणेफेकीवर जातं. त्याच लोकांना सततचा खोकला आणि सर्दी का असते, याचंही उत्तर तेच, कारण श्वासनलिकेतले केसही हलत नाहीत.

चौथा आठवडा म्हणजे तुमचा नुकताच सरलेला आठवडा. पाठीवरची पेशींची सपाट पट्टी मधे खचते, तिच्या दोन्ही कडा वर येऊन एकमेकींना भेटतात आणि नळी होते. कडा आधी मानेच्या भागात जुळतात, मग तिथून दोन्हीकडे चेन लावल्यासारख्या मिटत जातात. डोक्याकडचं तोंड पंचविसाव्या दिवशी बंद होतं, शेपटीकडचं अठ्ठाविसाव्या. वरचं उघडं राहिलं तर मेंदू आणि कवटी घडत नाही. खालचं राहिलं तर पाठीचा कणा उघडा राहतो. पाळी चुकते चौदाव्या दिवशी. चाचणी, अपॉइंटमेंट, सोनोग्राफी होईपर्यंत नळी मिटलेली असते, किंवा मिटलेली नसते. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या १९९१मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आधी असं मूल झालेल्या स्त्रियांना गर्भ राहण्यापूर्वीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिलं, तेव्हा पुन्हा तसं होण्याचं प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी घटलं. बाकीच्यांसाठी रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी, तीही मूल हवं असं ठरवल्या दिवसापासून. पहिल्या तपासणीला आम्ही कौतुकाने ती गोळी लिहून देतो. तिचे इतर उपयोग असतात, पण हे काम करायला तिला तोवर उशीर झालेला असतो. तुम्ही आधी घेतली नसेल तरी घाबरू नका; बहुसंख्य गर्भांत नळी व्यवस्थित मिटते आणि पुढच्या सोनोग्राफीत ती पाहता येते.

हृदय बाविसाव्या दिवसाच्या आसपास हलू लागतं. तेव्हा ते चार कप्प्यांचं नसतं, एक साधी नळी असते, आणि तिला चालवणारी एकही मज्जातंतूची तार पोहोचलेली नसते. स्नायूच्या पेशी आपण होऊन आकुंचन पावतात. मग नळी वळते, दुमडते आणि पुढचे तीन-चार आठवडे आत पडदे चढत राहतात. तुमच्या रिपोर्टवर ठोके दिसले असतील. कुणाला दिसले नसतील तर एका तपासणीवरून निराश होऊ नये. बीज चार दिवस उशिरा सुटलं असेल तर गर्भही चार दिवसांनी लहान असतो. गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असूनही ठोके नाहीत, किंवा पिशवीची सरासरी रुंदी २५ मिलिमीटर होऊनही गर्भ नाही, तेव्हाच गर्भ वाढत नाहीये असं आम्ही खात्रीने म्हणतो. त्याहून लहान असेल तर थांबायचं आणि पुन्हा पाहायचं.

आजचा तुमचा तिसावा दिवस. गर्भ सुमारे ५ मिलिमीटर, इंग्रजी सी अक्षरासारखा वाकलेला, छोटी शेपटी असलेला. हातांच्या जागी वल्ह्यासारखे कोंब आलेत, पायांचे त्यांच्यामागून एक-दोन दिवसांनी. गोळ्यांच्या वेळी सांगितलेला ‘सगळं टिकतं किंवा काहीच टिकत नाही’ हा नियम दुसऱ्या आठवड्याबरोबरच संपला. तिथून आठव्या आठवड्यापर्यंत प्रत्येक अवयवाची आपली अशी नाजूक वेळ असते. थॅलिडोमाइडने ते शिकवलं. झोपेची आणि मळमळीची निर्धोक गोळी म्हणून १९५७ला पश्चिम जर्मनीत ती विकायला आली, १९६१च्या नोव्हेंबरमध्ये मागे घेतली गेली, आणि तिच्यामुळे जगभर दहा हजारांहून जास्त मुलं व्यंग घेऊन जन्मली. आईने गोळी साधारण विसाव्या ते छत्तिसाव्या दिवसात घेतलेली असे. आधी घेतली तर कानांवर, मग हातांवर, मग पायांवर परिणाम. गोळी तीच, दिवस वेगळा. म्हणून यापुढे कुठलीही गोळी, अगदी जुन्या ओळखीचीसुद्धा, विचारल्याशिवाय नको.

येत्या चार आठवड्यांत होणाऱ्या गोष्टींपैकी दोन सांगते. बोटं फुटत नाहीत, कोरली जातात. वल्ह्यातल्या मधल्या पेशी ठरल्याप्रमाणे मरतात आणि बोटं सुटी होतात. त्या मेल्या नाहीत तर बोटं जोडलेली राहतात. दुसरी गोष्ट आतड्याची. सहाव्या आठवड्यात आतडं इतकं वाढतं की पोटात मावत नाही, मग ते नाळेत शिरतं, तिथे गोल फिरतं आणि दहाव्या आठवड्यात परत येतं. रिपोर्टच्या भाषेत हे आठवे ते बारावे आठवडे. या काळात सोनोग्राफी झाली आणि पोटापाशी फुगवटा दिसला तर तो बहुधा हाच असतो. नवशिक्या डॉक्टरला घाम फुटतो. मलाही एकदा फुटला होता, आणि त्या बाईंची रात्र माझ्यामुळे विनाकारण वाईट गेली.

मुलगा की मुलगी हे गुणसूत्रांनी पहिल्या दिवशीच ठरलेलं असलं तरी सहाव्या आठवड्यापर्यंत दोघांची घडण एकसारखी असते, दोन्ही प्रकारच्या नळ्या प्रत्येकात असतात. वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय नावाचं जनुक, जे १९९०मध्ये ओळखलं गेलं, ते कामाला लागलं तर वृषण बनतं आणि त्याच्या संप्रेरकांनी एक जोडी टिकते, दुसरी विरते.

छप्पन्नाव्या दिवशी गर्भ सुमारे ३० मिलिमीटरचा असतो. या आठ आठवड्यांचे अभ्यासकांनी २३ टप्पे पाडलेत, त्यांना कार्नेगी टप्पे म्हणतात. घडण बरीचशी उरकलेली असते. मेंदू मात्र शेवटपर्यंत घडत राहतो, म्हणून दारूला कुठलाच सुरक्षित महिना नाही. आणखी एक सहसा न सांगितली जाणारी गोष्ट: पहिले तीन महिने वारेत आईचं रक्त मोकळं खेळत नाही. तिच्या धमन्यांची तोंडं गर्भाच्याच पेशींनी बुचासारखी बंद केलेली असतात. नाजूक घडण चालू असताना जास्त ऑक्सिजन बाधतो, आणि पोषण गर्भाशयाच्या ग्रंथींच्या स्रावातून मिळतं. म्हणून उलट्यांमुळे अन्न जात नसेल आणि तुम्ही ‘बाळ उपाशी राहील’ म्हणून रडत असाल तर थोडी शांत व्हा. गर्भाची भूक अजून फार लहान आहे. पाणीसुद्धा टिकत नसेल किंवा वजन घटत असेल तर मात्र तुमच्यासाठी दवाखाना गाठा.

इथून पुढे मी रिपोर्टचे आठवडे वापरते. दुसऱ्या तिमाहीबद्दल फार सांगण्यासारखं नाही, बाळ वाढतं. पहिलटकरणीला हालचाल अठरा-वीस आठवड्यांना जाणवते, आधी मूल झालेलीला थोडी लवकर. विसाव्या आठवड्यात वजन सुमारे ३०० ग्रॅम, अठ्ठाविसाव्यात किलोभर. पंचविसाव्या आठवड्याच्या आसपास बाळ आवाजाला प्रतिसाद देतं, मिटलेल्या पापण्या उघडतात. गर्भजल या काळात मुख्यतः बाळाची लघवीच असते. ते गिळतं, पुन्हा सोडतं. इथे तुमची दातदुखी परत येते: आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या वीस आठवड्यांनंतर घेतल्या तर बाळाची लघवी कमी होऊन पाणी घटू शकतं, आणि शेवटच्या महिन्यांत हृदयाजवळची एक गरजेची वाहिनी वेळेआधी आकसू शकते. दाढ दाखवायची असेल तर आत्ताच दाखवून घ्या.

फुफ्फुस सगळ्यात मागे राहतं. त्यातले फुगे श्वास सोडल्यावर मिटून चिकटू नयेत म्हणून साबणासारखा एक पदार्थ लागतो, सरफॅक्टंट. तो चोविसाव्या आठवड्यापासून थोडाथोडा बनतो आणि पुरेसा व्हायला पस्तिसावा उजाडतो. न्यूझीलंडचे डॉक्टर लिगिन्स मेंढ्यांमध्ये प्रसूती कशामुळे सुरू होते ते शोधत होते. स्टेरॉइड टोचल्यावर वेळेच्या फार आधी जन्मलेलं एक कोकरू जगलं, जगायला नको होतं. त्यातून १९७२मध्ये लिगिन्स आणि त्यांचे सहकारी होवी यांनी स्त्रियांमधली चाचणी प्रसिद्ध केली. आज अपुऱ्या दिवसांची प्रसूती होणार असं दिसलं की आईला जी इंजेक्शनं देतात, ती हीच.

पोटात असताना बाळाचं रक्त फुफ्फुसांना जवळजवळ वगळूनच फिरतं. हृदयाच्या दोन वरच्या कप्प्यांमध्ये एक झडप उघडी असते आणि बाहेर ती मघाची वाहिनी. पहिल्या श्वासाला फुफ्फुसं फुलतात, त्यांच्यातला दाब उतरतो, डावीकडे रक्त वाढतं आणि झडप मिटते. वाहिनी पुढच्या एक-दोन दिवसांत आकसते.

त्या श्वासापासून जग वय नव्याने मोजायला लागतं. आम्ही मात्र, मूल लवकर जन्मलं तर, जुना हिशेब सोडत नाही. दहा आठवडे आधी आलेलं मूल सहा महिन्यांचं झालं की बालरोगतज्ज्ञ त्याची मान, बसणं, पकड हे सगळं पावणेचार महिन्यांच्या मुलासारखं तपासतात, आणि हे साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत चालतं.